नस उघडली, पण हात उचलेना

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. आम्ही हुक्केरी तालुक्यातले, संकेश्वरच्या बाजूला आमचा मळा आहे. तीन आठवड्यांपूर्वी मामंजींच्या अंगावरून वारं गेलं. वय ६४. बीपी होतं, गोळी मनाला येईल तेव्हा घ्यायचे, तंबाखू रोजची. रात्री दहाला जेवून झोपले. सकाळी साडेपाचला आत्याबाई उठवायला गेल्या तर तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा, बोलणं बंद. तेल चोळण्यात आणि गाडी शोधण्यात वेळ गेला, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेनऊ झाले. तिथे रंगीत स्कॅन काढला आणि मांडीतून नळी घालून मेंदूतल्या नसेतली रक्ताची गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, नस उघडली. आम्हाला वाटलं, आता दोन दिवसांत उठून बसतील. पण अजून हात उचलत नाही. पाय थोडा आलाय. बोलायला जातात आणि शब्द सापडत नाही, मात्र 'ओंदु, एरडु, मूरु' असे कन्नड आकडे सलग म्हणतात, पोरं हसतात.

फाईलमध्ये 'टीआयसीआय २बी' लिहिलंय. दुसऱ्या दिवशी कानशिलावर मशीन लावून तपासलं, त्यात उजवीकडे ५८ आणि डावीकडे ८६ असे आकडे आहेत. पुण्याचे दीर म्हणतात, डावी बाजू बिघडलेली दिसते, इकडे आणा, रक्तप्रवाहाचा स्कॅन परत करू. चुलत सासरे लकव्याच्या औषधाला न्यायचं म्हणतात.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या रात्री अडीचला थ्री फेज लाईट आली तेव्हा मामंजी मोटर चालू करायला उठले होते. 'कडी लावून घे गं' म्हणाले, अगदी नीट बोलले. दवाखान्यात सगळ्यांनी रात्री दहाचीच वेळ सांगितली आणि मी गप्प बसले. मी बोलले असते तर गाठ विरघळवायची सुई मिळाली असती का?

– एक सूनबाई

उत्तर:

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. तीन आठवडे तो तुम्ही एकट्याच वागवताय.

नाही, सुई मिळाली नसती. गाठ विरघळवणारं इंजेक्शन देताना माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ते धरतात आणि तिथून साडेचार तास मोजतात. अडीचपासून मोजले तर सात वाजले. तुम्ही बेळगावला पोचलात साडेनऊला. दहाची वेळ धरली काय आणि अडीचची धरली काय, सुईची वेळ दोन्ही हिशेबांनी गेलेली होती. शिवाय मामंजींची मोठी नस बंद होती आणि गाठ नळीने ओढून काढायची सोय त्याच दवाखान्यात होती, ती त्यांनी केली. अशा रुग्णांना उशिरा इंजेक्शनही द्यावं का, हे तपासणारी एक मोठी चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. बहुतेकांची गाठ नळीने काढली जाणारच होती आणि त्यात इंजेक्शनने वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा तुमच्या गप्प बसण्याने त्यांचं नुकसान झालेलं नाही. पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांना हे सांगून टाका, कागदावर खरी वेळ येऊ दे आणि तुमच्या मनावरचं ओझंही उतरू दे.

पण यातून एक गोष्ट सगळ्या घरांना सांगायची आहे. दवाखान्यात पुरुष माणसं पुढे होऊन बोलतात आणि ज्या बाईने रुग्णाला शेवटचं धडधाकट पाहिलेलं असतं ती मागे पदर सावरत उभी असते. एखाद्या घरी दहा आणि अडीच यांच्यातल्या फरकावर सुई द्यायची की नाही हे ठरू शकतं. डॉक्टरांनी 'शेवटचे बरे कधी होते' असं विचारलं की ज्याला माहीत आहे त्याने बोलावं, मग ती सून असो की शाळकरी नातू.

आता रंगीत स्कॅन. त्याला सीटी परफ्यूजन म्हणतात. हाताच्या शिरेतून औषध सोडतात आणि साधारण मिनिटभर मेंदूचे फोटो पुन्हा पुन्हा घेतात. औषध कुठे वेळेवर पोचलं, कुठे उशिरा, कुठे पोचलंच नाही, यावरून संगणक रक्तप्रवाहाचा नकाशा काढतो. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त मिळतं. ते २०च्या खाली आलं की पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात. १०च्या आसपास आणि त्याखाली गेलं की काही मिनिटांत मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधला जो भाग, म्हणजे गप्प झालेला पण अजून जिवंत असलेला, त्याच्यासाठीच ही सगळी धावपळ असते. जिथे प्रवाह चांगल्या भागाच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी, तो भाग गेला असं संगणक धरतो. जिथे औषध पोचायला सहा सेकंदांहून जास्त उशीर झाला, तो उपाशी भाग. उपाशी भागातून गेलेला भाग वजा केला की वाचवण्यासारखं किती आहे ते कळतं.

२०१८पूर्वी गाठ ओढून काढायला साधारण सहा तासांची मुदत असायची. त्या वर्षी डॉन आणि डिफ्यूज ३ या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. स्कॅनवर वाचवण्यासारखा मेंदू दिसत असेल तर एकीत २४ तासांपर्यंत आणि दुसरीत १६ तासांपर्यंत गाठ काढून माणसांना फायदा झाला. झोपेत वारं गेलेल्यांना तोवर बहुतेक वेळा परत पाठवत. मामंजींना आत घेतलं ते या मोजमापाच्या जोरावर. त्या स्कॅनचं काम त्या सकाळी पूर्ण झालं.

घरात ती फिल्म उजेडात धरून बघत असाल तर एक लक्षात ठेवा. प्रवाह दाखवणाऱ्या चित्रात बहुधा निळं म्हणजे कमी रक्त आणि लाल म्हणजे भरपूर. उशीर दाखवणाऱ्या चित्रात उलट, लाल म्हणजे उशीर. एकाच फिल्मवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापलेली असतात. त्यामुळे लाल दिसलं म्हणून घाबरू नका, निळं दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका.

मग नस उघडली तर हात का उचलत नाही? याची कारणं दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

पहिलं कारण सरळ आहे. गाठ निघण्याआधीच काही भाग मेला होता. मोठी नस बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. तो सरासरीचा हिशेब आहे. कुणाला शेजारच्या नसांकडून थोडं रक्त मिळत राहतं आणि त्याचा मेंदू जास्त तग धरतो. तरी साडेपाचपासून साडेनऊपर्यंत मेंदूवर काय गुदरलं असेल याचा अंदाज त्यावरून येतो. मेलेला भाग रक्त परत मिळाल्याने जिवंत होत नाही.

दुसरं कारण समजायला तुमचाच मुलूख बरा. हिडकल धरणातून कालव्याला पाणी सुटलं, मोठा दरवाजा उघडला, पण पोटचाऱ्या गाळाने भरलेल्या असतील तर शेवटच्या सरीला ओल पोचत नाही. मेंदूतही तसंच होतं. मोठ्या नसेतली गाठ निघते, पण तिचे बारीक तुकडे पुढे जाऊन अडकतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजलेल्या असतात, त्यांच्याभोवतीच्या पेशी आवळून बसतात, पांढऱ्या पेशी आत चिकटतात. नस उघडी आणि पलीकडचा मेंदू कोरडा. १९६८ साली सशांवरच्या प्रयोगांत हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. माणसांत ते किती वेळा आणि किती प्रमाणात होतं, हे शोधायलाच हल्ली गाठ काढल्यानंतरही रक्तप्रवाह मोजतात. गाठ काढून झाल्यावर त्याच नळीतून गाठ विरघळवणारं थोडं औषध सोडून या बारीक वाहिन्या मोकळ्या करता येतील का, याच्याही चाचण्या झाल्या. बार्सिलोनातल्या २०२२च्या चाचणीत फायदा दिसला, नंतरच्या सगळ्या चाचण्यांचा कौल मात्र एकसारखा आला नाही.

तुमच्या फाईलमधलं 'टीआयसीआय २बी' म्हणजे बंद पडलेल्या नसेच्या हद्दीतला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग पुन्हा भरताना क्ष-किरणाच्या पडद्यावर दिसला. पूर्ण भरला तर ३ लिहितात. २बीलाही आम्ही यशच म्हणतो आणि डॉक्टर 'नस उघडली' म्हणाले ते खरंच आहे. पण हा शेरा नसांचा आहे. मेंदूच्या पेशींपर्यंत काय पोचलं ते त्यात येत नाही. पाच मोठ्या चाचण्यांमधल्या १,२८७ रुग्णांची माहिती २०१६ साली एकत्र केली गेली. गाठ काढलेल्यांपैकी ४६ टक्के लोक तीन महिन्यांनी आपापली कामं आपण करू लागले होते, न काढलेल्यांपैकी २६.५ टक्के. फरक मोठा आहे, म्हणूनच हा उपचार जगभर रुजला. आणि निम्म्याहून जास्त लोकांना तीन महिन्यांनंतरही कुणाचा तरी हात लागत होता, हेही त्याच आकड्यात आहे. 'नस उघडली' हे वाक्य ऐकून नातेवाईक घरी अंथरूण आवरायला लागतात. आम्ही डॉक्टरांनी तेव्हाच पुढचं वाक्यही बोललं पाहिजे, की मेंदू किती वाचला ते पुढच्या आठवड्यांत कळेल.

५८ आणि ८६ कडे येऊ. कानशिलावर जेल लावून केलेली ती डॉपलर तपासणी. नॉर्वेच्या रूने आस्लीद यांनी १९८२ साली ही पद्धत आणली. कानशिलाचं हाड पातळ असतं, तिथून ध्वनिलहरी आत जातात आणि मोठ्या नसेतलं रक्त सेकंदाला किती सेंटीमीटर धावतंय ते कळतं. मोठ्या माणसात सरासरी वेग साठीच्या आसपास असतो, म्हणजे उजवीकडचे ५८ अगदी नेहमीचे. डावीकडचे ८६ जास्त आहेत. डावी बाजू गाठ काढलेली, कारण उजवं अंग डाव्या मेंदूच्या ताब्यात असतं. दिरांना सांगा, हा वेगाचा आकडा आहे, रक्त किती जातंय त्याचा नाही. नस जराशी अरुंद असली तरी वेग वाढतो आणि मेंदूत रक्त जास्त शिरत असलं तरी वाढतो. दोन्हींतलं काय, हे एका आकड्यावरून ठरत नाही. पण नस पुन्हा बंद पडली असती तर वेग घटला असता किंवा सापडलाच नसता. ८६ वाचून डावी बाजू बिघडली असा अर्थ काढू नये.

डॉक्टरांनी हा आकडा का मोजला असेल, हेही सांगते. उपाशी राहिलेल्या भागातल्या बारीक वाहिन्यांना आपला दाब आपण सांभाळायची ताकद काही काळ उरत नाही. बीपी वाढलं की तो दाब थेट आत जातो, सूज येते, कधी रक्तस्राव होतो. म्हणून पहिल्या दिवशी आयसीयूत वरचं बीपी १८०च्या पुढे जाऊ देत नाहीत. फार खालीही आणत नाहीत, कारण मग अर्धवट भिजलेला भाग पुन्हा सुकतो. चीनमध्ये गाठ काढलेल्या रुग्णांचं बीपी १२०च्या खाली आणून पाहिलं होतं. त्यांची तब्येत जास्त बिघडली आणि २०२२ साली ती चाचणी मध्येच थांबवली. नर्स दर थोड्या वेळाने पट्टा फुगवत होती ना, ती या दोन टोकांच्या मधली वाट सांभाळत होती.

आता घरी मात्र ते दिवस संपले. आता बीपी १३०/८०च्या आत ठेवायचं आणि गोळी रोज घ्यायची, आपलं आपण कमी-जास्त करायचं नाही. तंबाखू कायमची बंद. चुना-तंबाखूची पिशवी घरात कुणाचीच राहू नये, कारण मामंजींना शब्द सापडत नसला तरी वास सापडतो.

पुण्याला नेऊन स्कॅन करायचा का? माझं मत स्पष्ट आहे, करू नका. तीन आठवड्यांनंतरच्या प्रवाहाच्या चित्रावरून हात येणार की नाही ते कळत नाही. मेलेल्या भागाला रक्त कमी लागतं म्हणून तिथे प्रवाह कमी दिसू शकतो. उलट कधी कधी मेलेल्या भागातच रक्त भरभरून वाहताना दिसतं. डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी १९६६ सालीच ही गोष्ट दाखवून दिली होती. म्हणजे चित्र लाल आलं तरी हात हलेल असं नाही, निळं आलं तरी आशा संपली असं नाही, आणि दोन्हींत उपचार बदलणार नाही. वर बीपीच्या जुन्या रुग्णाच्या मूत्रपिंडावर स्कॅनसाठी शिरेतून सोडायच्या औषधाचा भार, आणि उजवं अंग लुळं असलेल्या माणसाला पुण्यापर्यंतचा प्रवास.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी फाईलमध्ये दोन गोष्टी शोधा. मानेच्या नसांचा अँजिओ किंवा डॉपलर झालाय का? डाव्या बाजूची मानेची नस फार अरुंद असेल तर तिथून पुन्हा गाठ सुटू शकते आणि तिच्यावरचा उपचार लवकर केलेला बरा, म्हणून हा रिपोर्ट नसेल तर याच आठवड्यात विचारा. दुसरं, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, हे नुसत्या एका ईसीजीवर न सोडता एक-दोन दिवस सलग घेतलेल्या ठोक्यांच्या नोंदीवर पाहिलंय का? ठोके अनियमित निघाले तर रक्त पातळ करायचं औषधच वेगळं लागतं. पहिल्या स्कॅनची सीडी दवाखान्यातून मागून घ्या, नुसती फिल्म नको. कोल्हापूर, मिरज, हुबळी, कुठेही दुसरं मत घ्यायचं झालं तर सीडीवरून पुन्हा मोजता येतं, फिल्मवरून येत नाही.

मात्र नव्याने तोंड वाकडं झालं, बोलणं आणखी गेलं, चांगला हात लुळा पडला, शुद्ध हरपू लागली किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखू लागलं, तर त्याच मिनिटाला १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या दवाखान्यात जा. तेव्हा पुणे नको आणि तेलही नको.

लकव्याच्या औषधाबद्दल चुलत सासऱ्यांशी वाद घालू नका. एवढंच सांगा की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तिच्याबरोबर कुठली पूड चालते ते कुणालाच ठाऊक नाही, आणि गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या घशात काढा ओतला तर तो फुप्फुसात जातो. कबुतराच्या रक्ताने मालिश करायचं निघालं तर साफ नाही म्हणा.

खरं काम आता घरात आहे. सुधारणेचा सगळ्यात जोराचा काळ पहिले तीन महिने, त्यातले तीन आठवडे गेले. पुढेही सुधारणा होते, पण हळू. पाय आधी येणं आणि हात मागे राहणं हे फार जणांत दिसतं. फिजिओथेरपिस्टला बोलावून घरच्यांनी व्यायाम शिकून घ्यावेत आणि दिवसातून थोडा थोडा वेळ, पुष्कळ वेळा करून घ्यावेत. उठवताना उजव्या दंडाला किंवा काखेत धरून ओढू नका, लुळा खांदा लगेच निखळतो आणि मग दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो. बसवल्यावर हाताखाली उशी द्या. जेवताना भाकरी डाव्या हाताने तोडू द्या, पण उजवा हात ताटाशेजारी ठेवा आणि त्याच्याकडे बघायला सांगा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

आणि त्या कन्नड आकड्यांना पोरांनी हसू नये. संकेश्वरच्या बाजारात ज्यांची हयात गेली त्यांच्या तोंडात आकडे कन्नडमध्येच बसलेले असतात. आपोआप ओठांवर येणारं बोलणं, म्हणजे आकडे, वार, देवाचं नाव, पाठ असलेलं भजन, हे अशा आजारात बऱ्याचदा शिल्लक राहतं, नाव आठवून सांगायचं बोलणं अडतं. जे शिल्लक आहे त्याच्या आधाराने पुढे जायचं असतं. नातवाने समोर बसून 'ओंदु, एरडु' म्हणावं आणि 'मूरु' त्यांना म्हणू द्यावं. मग वार, मग घरातल्यांची नावं. मराठीत अडले आणि कन्नडमध्ये आलं तर तेही घ्या. स्पीच थेरपिस्ट शोधताना मामंजींच्या दोन्ही भाषा जाणणारी व्यक्ती मिळाली तर फारच चांगलं, बेळगावात चौकशी करा. त्यांच्या तोंडचा शब्द आपण पुरा करायची घाई करू नका, दहा सेकंद थांबा. मधेच रडू आलं किंवा दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडू लागले तर डॉक्टरांच्या कानावर घाला. या आजारानंतर जवळजवळ तीनातल्या एकाला उदासी गाठते आणि तिच्यावर औषध आहे.

दिरांना तोडून बोलू नका, लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी करावंसं वाटतं आणि स्कॅनच सुचतो. त्यांना सांगा, त्या पैशांत पुढचे तीन महिने फिजिओथेरपिस्ट घरी येऊ दे. आणि रोज संध्याकाळी त्यांनी स्वतः व्हिडिओ कॉल करावा, वडिलांशी बोलावं, उसाचं विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नये.